उजेड स्वस्त, बटण महाग

पुण्यात तपकीर गल्लीत बॅटरी घ्यायला आलेला माणूस लगेच ओळखू येतो. बॅटरी हातात पडली की तो पहिल्यांदा ती दुकानाच्या छताकडे मारतो. छतावर पांढरा गोल पडतो. मग दुसरी मारतो, तिचा गोल जरा जास्त पांढरा. "ही द्या." व्यवहार संपला. भर दुपार, दुकानात चार ट्यूबलाइट, छत हाताच्या अंतरावर आणि नमुन्याच्या बॅटरीत दुकानदाराने सकाळीच घातलेले ताजे सेल. यातलं काहीही पुढे त्या बॅटरीच्या वाट्याला यायचं नसतं.

मला विचाराल तर छताकडे बघूच नये. बटण दाबून बघावं. एकदा दाबून भागत नाही, पंधरा-वीस वेळा, सावकाश. मग मागचं झाकण किंचित हलवत दाबावं. मग बॅटरी तळहातावर आपटून दाबावं. दुकानदार वैतागतो, वैतागू द्यावा.

मी म्हणते ती बॅटरी तुम्ही पाहिलेली असणारच. पंज्यात मावणारी, अ‍ॅल्युमिनियमची, बहुधा काळी, कधी लाल किंवा निळी. पुढे काचेमागे नऊ बारीक एलईडी, मागे रबराचं बटण आणि मनगटात अडकवायची एक दोरी, जी पहिल्या आठवड्यातच तुटते. एसटी स्टँडवर, लोकलच्या डब्यात, आठवडी बाजारात ताडपत्रीवर नेलकटर आणि कंगव्यांच्या शेजारी ती मांडलेली असते. किंमत शंभराच्या अलीकडे-पलीकडे, घासाघीस केली तर अलीकडेच.

ती उघडून बघण्यासारखी आहे. मागचं झाकण फिरवून काढलं की प्लास्टिकचा एक गोल पिंजरा घसरत बाहेर येतो. त्यात रिमोटला लागतात तसले तीन बारीक सेल, पत्र्याच्या इवल्याशा पट्ट्यांनी एकमेकांना जोडलेले. पट्ट्या इतक्या पातळ की नखाने वाकतात. पिंजऱ्याच्या एका टोकाची टिकली पुढे एलईडीच्या चकतीला टेकते, दुसऱ्या टोकाला झाकणातली स्प्रिंग टेकते. परतीचा रस्ता करायला वायर वगैरे काही नाही. स्प्रिंगमधून बटणात, बटणातून झाकणात, झाकणातून नळीत आणि नळीतून पुन्हा पुढे. बॅटरीचं अंग हीच तिची वायर. त्यात नळीवरच्या काळ्या थरातून वीज जात नाही. जाते ती काठाशी जिथे धातू उघडा ठेवलेला असतो तेवढ्या बारीक कडेतून. त्या कडेवर धूळ, तेल, घाम, पावसाळी ओल, काहीही बसलं की उजेड थरथरायला लागतो. सेलाच्या टोकापासून बटणापर्यंत सगळे सांधे मोजले तर दहाच्या आसपास भरतात, आणि त्यातले बहुतेक नुसते टेकलेले. बंद पडलेली बॅटरी हातावर आपटली की लागते ती याचमुळे. कुठलीतरी पट्टी जागची हलते, कुठलातरी गंज खरवडला जातो, आणि आपल्याला वाटतं आपण दुरुस्त केली. खरी दुरुस्ती करायची तर सेलांची टोकं, पट्ट्या आणि ती कड खोडरबराने घासावी. दोन मिनिटांचं काम आहे, पण आपटण्यात जी मजा आहे ती त्यात नाही.

ही मांडणी फार जुनी. डेव्हिड मिसेल यांना 1899 साली अमेरिकेत ज्या बॅटरीचं पेटंट मिळालं तिच्यातही नळी, नळीत ओळीने सेल, पुढे बल्ब आणि पितळी परावर्तक होता. त्या काळच्या सेलांना दम नव्हता, बल्ब सलग पेटता ठेवता येत नसे. क्षणभर उजेड पाडायचा आणि सोडून द्यायचं. सव्वाशे वर्षांत बल्ब गेला, सेल सुधारले. टेकणारा पत्रा आणि त्याला रेटणारी स्प्रिंग मात्र अजून तीच आहे.

मोठी उडी झाली ती बल्बाच्या जागी. तांबडे-हिरवे एलईडी कधीपासूनच होते, निळा काही केल्या नीट जमत नव्हता, आणि निळ्याशिवाय पांढरा नाही. इसामु आकासाकी आणि हिरोशी आमानो यांनी गॅलियम नायट्राइड या पदार्थावर चिकाटीने काम केलं, शुजी नाकामुरा यांनी स्वतंत्रपणे त्याच वाटेने जाऊन 1993 मध्ये प्रखर निळा एलईडी बाजारात आणण्याजोगा केला. तिघांना 2014 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. पांढरा एलईडी म्हणजे हा निळाच, वर फॉस्फर नावाच्या, पिवळा उजेड देणाऱ्या पदार्थाचा लेप. दोन्ही मिसळले की डोळ्याला पांढरं दिसतं. ज्याला नोबेल मिळालं तो उजेड आज ताडपत्रीवर नऊ नगांनी मिळतो. इतका स्वस्त झाला आहे की शंभराची काय आणि तीनशेची काय, घरात वापरायला उजेड दोघींचा पुरेसाच. बनवणारा पैसे वाचवतो ते सांध्यांत, पट्ट्यांत, स्प्रिंगमध्ये, बटणात. म्हणजे बरोबर त्या जागी, जिथे गिऱ्हाईक बघत नाही.

कुठे कुठे वाचवतात याचा एक नमुना सांगते. पांढऱ्या एलईडीला तीन-सव्वातीन व्होल्ट लागतात. तीन सेलांचे होतात साडेचार. जादाची वीज आवरायला रेझिस्टर हवा, पण या बॅटरीत बहुतेकदा तो नसतोच. काम भागतं ते सेलांच्या अशक्तपणावर. साध्या बारीक सेलाचा आतला अवरोध इतका असतो की वीज आपोआप बेतात राहते. म्हणून तिच्यात कोणी हौसेने चांगले अल्कलाइन सेल घातले की ती लखलखते आणि काही महिन्यांत नऊपैकी एक दिवा मलूल होतो, दुसरा निळा पडतो. सगळे दिवे एकमेकांना समांतर जोडलेले. ज्याला कमी व्होल्ट पुरतात तो वाट्यापेक्षा जास्त वीज ओढतो, तापतो आणि आधी जातो. मला या बॅटरीशी सर्वांत मानवलेले सेल म्हणजे निकेल मेटल हायड्राइडचे, पुन्हा पुन्हा चार्ज होणारे. एकेकाचे 1.2 व्होल्ट, तिघांचे 3.6. एलईडीला नेमके बेताचे. सुरुवातीचा झगमगाट जरा कमी, पण दिवे टिकतात.

आणि रेझिस्टर नसलेल्या, कसलंही सर्किट नसलेल्या या गरीब रचनेचा एक गुण मी कधीच नाकारणार नाही. ती सांगून मरते. सेल उतरायला लागले की उजेड हळूहळू बारीक होत जातो, आणि तो बारीक उजेडसुद्धा कितीतरी वेळ पुरतो. मंद, निळसर, पण पायापुरता. चांगल्या लिथियम बॅटऱ्या शेवटपर्यंत एकसारखा उजेड देतात आणि सेलाची मर्यादा आली की काहींचं संरक्षक सर्किट सरळ वीज तोडतं. उतारावर मध्येच काळोख. तेव्हा ती गरीब बॅटरी शहाणी वाटते.

आमच्या साताऱ्याच्या घरी आजोबांची पितळी बॅटरी होती, दोन मोठ्या सेलांची, एव्हरेडीची. या कंपनीचा टॉर्चचा कारखाना लखनौला, 1958 पासूनचा. उजेड म्हणाल तर पिवळा, मधोमध काळं भोक पडलेला. डोकं फिरवून फोकस करायचा तेव्हा ते भोक लहान-मोठं व्हायचं. आजच्या ताडपत्रीवरच्या बॅटरीपुढे तो उजेड काहीच नाही. पण बटण! जाड, सरकवायचं, खट् आवाज करणारं. त्याच्या शेजारी क्षणभर उजेड पाडायची तांबडी टिकली. मागच्या झाकणात स्प्रिंगच्या पोटात जादा बल्ब ठेवलेला. आजोबा गावाला निघाले की आतला एक सेल उलटा घालून बॅटरी पिशवीत टाकत, म्हणजे कपड्यांत बटण सरकलं तरी पेटायला नको. सेल उतरले की ते दुपारभर कौलांवर उन्हात ठेवायचे. उष्णतेने आतली रासायनिक क्रिया जराशी चेतते, संध्याकाळपुरता जीव येतो. आजी म्हणायची, "सेलांना ऊन आणि नातवंडांना सावली, असं तुमचं." तिला उलटं म्हणायचं असावं, कारण आम्ही त्या वेळी उन्हातच असायचो.

उलट्या सेलाची युक्ती मी अजून वापरते, पण या नव्या बॅटरीला त्याहून सोपी आहे: मागचं झाकण अर्धा-पाऊण आटा सैल करायचं. कड सुटते, सर्किट तुटतं. सॅकच्या तळाशी बटण कितीही दाबलं जाऊ दे.

बॅटरीची खरी परीक्षा मात्र माझ्या घरात होत नाही. ती मामाच्या शेतावर होते, जुन्नरकडे. शेतीची थ्री-फेज वीज पाळीने येते, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी आली की मामा जेवून, कानाला मफलर गुंडाळून दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला जातो. आजूबाजूला ऊस आणि उसात बिबट्या, हे तिकडे आता कोणाला नवलाचं राहिलेलं नाही. मामाच्या खांद्याला एक मोठी चार्जिंगची बॅटरी असते, लांबवर मारायला. ती तो बांधावर चढताना एकदा गोल फिरवतो. उसाच्या कडेला दोन डोळे चमकले तर समजायचं. बहुतेकदा कोल्हा नाहीतर मांजर. बाकी रात्रभर चालते ती शर्टाच्या खिशातली छोटी.

मी विचारलं होतं, "मामा, तुला चांगली लांब जाणारी आणून देऊ का?"

"लांबचं दिसून मी काय करणारे?" मामा म्हणाला. "पायाखालचं दिसलं म्हंजी झालं. आन् उजेड काय, सगळ्याच देत्यात. चिखलात पडल्यावर कोण देती ते सांग."

पायाखालचं म्हणजे काय ते त्याला सांगावं लागत नाही. मण्यार रात्रीच हिंडते. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज आहे की 2000 ते 2019 या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसं दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी 58 हजार. त्यातली बहुतेक खेड्यातली. चार पावलं पुढची जमीन दिसेल एवढा उजेड आणि पायात गमबूट, यांच्यावर खूप काही अवलंबून आहे. त्या चार पावलांना शंभर रुपयांची बॅटरी पुरते. उलट तिचा उजेड पसरट असल्यामुळे बांधाच्या दोन्ही कडा एकदम दिसतात. झोताच्या बॅटरीत एक भगभगीत वर्तुळ दिसतं आणि बाकी ठार काळोख.

हातात फावडं असल्यामुळे मामा बॅटरी दातांत धरतो. त्यासाठी त्याने तिच्या अंगावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवला आहे. दातांना धातू लागत नाही आणि झाकणाची फट झाकली जाऊन पाणीही आत जात नाही. आट्यांना व्हॅसलीनचं बोट फिरवलेलं. खोक्यावर 'वॉटरप्रूफ' लिहिलेलं होतं, त्यावर त्याचा विश्वास नव्हता, बरोबरच होतं. आयपीएक्स 7 सारखा आकडा दिलेला असेल तर त्याला अर्थ असतो, एक मीटर पाण्यात अर्धा तास. नुसत्या 'वॉटरप्रूफ' या शब्दाला काही अर्थ नाही.

खोक्यावरच्या आकड्यांचंच काढलं आहे तर पल्ल्याचंही सांगून टाकते. बॅटऱ्या मोजायचं जे प्रमाण जगभर वापरतात त्यात पल्ला म्हणजे उजेड जिथे पाव लक्स उरतो ते अंतर. साधारण पौर्णिमेच्या चांदण्याएवढा. 500 मीटर लांब चांदण्याएवढा उजेड पडायचा तर झोताची तीव्रता साडेबासष्ट हजार कॅन्डेला हवी. नऊ एलईडीवाली बॅटरी त्याच्या आसपासही जात नाही, वीस-तीस मीटरवर ती थकते. तरी 500 मीटर लिहिलेली खोकी मी पाहिली आहेत. तसंच 18650 नावाच्या लिथियम सेलांचं. नावातच माप आहे, 18 मिलिमीटर जाडी आणि 65 मिलिमीटर लांबी. एवढ्या जागेत चांगल्यात चांगल्या कंपनीला साडेतीन-चार हजार मिलिअँपिअर-तास एवढीच वीज बसवता येते. बाजारात 9900 लिहिलेले सेल ढिगाने मिळतात. हातात घेतले तर हलके लागतात. खरा सेल 45 ग्रॅमच्या पुढेमागे भरतो. किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवला तरी खरं-खोटं कळतं.

या लिथियम सेलांच्या बॅटऱ्या बहुधा पुढे सरकणाऱ्या भिंगाच्या, 'झूम'च्या असतात. त्यांचा मला खास राग आहे आणि त्याला कारण आहे. मागे सासूबाईंचं ऑपरेशन झालं तेव्हा रात्री त्यांच्याजवळ मी होते. जनरल वॉर्ड, दहाला दिवे बारीक केलेले. सलाइन किती उरलंय ते बघायला मी पर्समधली झूमची बॅटरी काढली. लावली तर फुल. डोळे दिपले. बंद करून पुन्हा लावली, मंद लागली. छान. सलाइन बघितलं, बंद केली. तेवढ्यात सासूबाईंनी पाणी मागितलं म्हणून लगेच पुन्हा लावली, तर फ्लॅश! पोलिसांच्या गाडीला शोभेल अशी उघडझाप. समोरच्या खाटेवरच्या आजी उठून बसल्या. मी घाबरून बंद करून लावली, तर परत फुल. या बॅटऱ्यांमध्ये प्रत्येक वेळी पुढचा प्रकार लागतो, आपल्याला हवा तो मिळेपर्यंत नको ते दोन सोसावे लागतात. सिस्टर आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "ताई, वरात निघालीय का?"

त्या उघडझापीचा उपयोग शहरातल्या माणसाला नेमका केव्हा होतो, हे मला आजवर कोणी सांगू शकलेलं नाही. सायकलला मागे लावायला, म्हणतात. मग सायकलच्या दिव्यात ठेवा. खिशातल्या बॅटरीत एकच प्रकार असावा, फार तर दोन, आणि पहिला मंद. अंधारात बसलेल्या माणसाला आधी मंदच लागतो. डोळा अंधाराला पूर्ण सरावायला वीस-तीस मिनिटं घेतो आणि एका भगभगीत झोताने ती कमाई क्षणात जाते. वांगणी-नेरळकडे आकाशदर्शनाला जाणारी मंडळी म्हणूनच बॅटरीच्या तोंडाला लाल जिलेटीन पेपर रबरबँडने बांधतात. शंभराच्या बॅटरीला हे पाच मिनिटांत करता येतं. झूमच्या पुढे-मागे सरकणाऱ्या तोंडाला पेपर टिकत नाही, रबरबँड निसटतं.

"मोबाइल असताना बॅटरी कशाला?" हा प्रश्न मला दर दिवाळीला भाचा विचारतो. घरातल्या घरात त्याचं म्हणणं मला मान्य आहे. फ्यूज बघायला, पलंगाखालची गोटी काढायला मोबाइल उत्तम. पण मोबाइल दातांत धरता येत नाही. ओल्या हाताने पडदा ऐकत नाही. चार्ज अगदी खाली गेला की बरेच फोन टॉर्च लावूच देत नाहीत, आणि फोनचा चार्ज खाली जाण्याची आणि वीज जाण्याची वेळ हटकून एकच असते. शिवाय फोन विहिरीत पडला तर? बॅटरी पडली तर मी "गेली" म्हणते आणि दुसरी काढते. हरवली तरी चालेल, उसनी दिली आणि परत आली नाही तरी चालेल, ही स्वस्त वस्तूची ऐट महागड्या वस्तूला परवडत नाही. माझ्या किती बॅटऱ्या ट्रेकमध्ये कोणाकोणाच्या सॅकमध्ये गेल्या त्याचा हिशोब नाही.

ट्रेकवरून आठवलं. कपाळावरचा हेडलॅम्प आला आणि हातातली बॅटरी मागासलेली ठरली. हात मोकळे राहतात हे खरंच. पण हेडलॅम्पचा उजेड आणि डोळे जवळजवळ एकाच रेषेत असतात, त्यामुळे दगडाची सावली दगडामागे लपते आणि वाट सपाट दिसते. कंबरेच्या उंचीला धरलेल्या बॅटरीने प्रत्येक दगडाला, प्रत्येक खड्ड्याला सावली पडते, आणि पायरी किती खोल आहे ते कळतं. हरिश्चंद्रगडावर पाचनईकडून पावसाळी पहाटे चढताना धुकं आलं की फरक आणखी जाणवतो. कपाळावरचा दिवा समोर पांढरी भिंत उभी करतो. तोच उजेड खाली, गुडघ्याशी धरला की वाट सापडते.

एक खेळही आहे. बॅटरी कानशिलाला लावून, डोळ्यांच्या रेषेत धरून गवतावर मारायची. उजेड फार नको, ही शंभरवालीच बरी. गवतात ठिपके चमकतात, हिरवट-निळे, टाचणीच्या टोकाएवढे. आपण समजतो दव आहे. जवळ गेलं की ठिपका हलतो. कोळी! वुल्फ स्पायडर म्हणतात ते, त्यांच्या डोळ्यांमागे उजेड परतवणारा पडदा असतो, मांजराच्या डोळ्यांत असतो तसा. बॅटरी कानशिलापासून वीतभर खाली घेतली की सगळे ठिपके विझतात. भाच्याला हे दाखवलं तेव्हापासून तो आमच्या सोसायटीच्या बागेत पाय ठेवताना विचार करतो.

काजव्यांच्या दिवसांत मात्र, मे अखेरीस आणि जूनच्या आरंभी, राजमाचीला किंवा पुरुषवाडीला गेलात तर बॅटरी खिशातच राहू द्या. काजवे उजेडाने एकमेकांना बोलावतात. त्यात आपला झोत पडला की त्यांचं जुळणं बिघडतं. तिथे शंभर माणसं शंभर मोबाइल घेऊन काजव्यांवर उजेड मारताना बघून मला उजेड स्वस्त झाल्याचा पहिल्यांदा राग आला.

या बॅटरीत रंग कळत नाहीत, ही तिची खोट मला मोठी वाटते. उजेड निळसर, त्यात तांबड्याचा भाग तोकडा. तपकिरी आणि तांबडी वायर सारखीच दिसते. मीटरच्या खोलीत ते धोक्याचं. कोकणात जांभ्याच्या चिऱ्यावर बसलेलं फुरसं दिवसासुद्धा नजरेला सापडत नाही, या उजेडात तर त्याचा तपकिरी रंग चिऱ्यातच जिरतो. तिथे आजोबांचा पिवळा बल्ब बरा होता, आणि हे मी जुन्याच्या प्रेमाने म्हणत नाही.

कोकणावरून आत्याचं सांगायला हवं. तिचं घर दापोली तालुक्यात. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्याला लागलं आणि दापोली-मंडणगडची दैना उडाली. खांब आडवे, तारा तुटलेल्या. काही गावांत वीज यायला आठवडे लागले. आत्याकडे चार्जिंगची बॅटरी होती, मागे पिना बाहेर काढून थेट सॉकेटात खोचायची ती. आत चार व्होल्टचा शिशाच्या सेलांचा ठोकळा. हा ठोकळा रिकामा पडून राहिला की त्याच्या प्लेटांवर सल्फेटचे खडे धरतात आणि तो पुन्हा पुरता भरत नाही. घरोघरी या बॅटऱ्या कपाटावर महिनोन् महिने पडलेल्या असतात आणि ऐन वेळी पाच मिनिटं उजेड देतात, तसंच झालं. चार्ज करायला वीज नाही. शेवटी भाजीच्या टोपलीतून छोटी नऊ एलईडीवाली निघाली, तिच्यात सेल नव्हते. आत्याने टीव्हीच्या आणि डिशच्या रिमोटमधले काढून घातले. "टीव्ही कुठं चालू आहे, मग त्या मेल्यांना सेल कशाला?" भिंतीवरच्या घड्याळाचा सेलही ती काढायला निघाली होती, पण तो जाड निघाला.

या पिनवाल्या बॅटऱ्यांबद्दल एक इशारा, तेवढा मात्र गंभीर. स्वस्तातल्यांमध्ये ट्रान्सफॉर्मर नसतो, एका कपॅसिटरमधून वीज सरळ आत घेतलेली असते. खोचलेली असताना ती घरातल्या 230 व्होल्टांशी जोडलेलीच असते. प्लास्टिक तडकलेलं असेल तर तिला चार्जिंगला लावून हातात धरू नका, पोरांच्या हाताला तर लागूच देऊ नका. अशी बॅटरी मी घरात ठेवत नाही.

राहिला सेलांचा खर्च आणि सेलांची घाण. बॅटरी शंभराची, तीन सेल तीस-चाळीसचे. तिसऱ्या-चौथ्या वेळी सेल बदलले की सेलांची किंमत बॅटरीच्या पुढे जाते. पण खर्चापेक्षा वाईट ते सेलांचं फुटणं. साध्या सेलाचं बाहेरचं जस्ताचं भांडं हेच त्याचं एक टोक असतं. सेल वापरला जातो म्हणजे ते भांडंच झिजत जातं. उतरलेला सेल आत राहिला की भांड्याला भोक पडतं आणि आतला रस पट्ट्यांवर, स्प्रिंगवर उतरतो. स्कूटरच्या डिकीत उन्हाळ्यात हे लवकर होतं. पिंजरा नळीत असा चिकटतो की मागून काठीने ठोकून काढावा लागतो, आणि त्या पातळ पट्ट्या हिरव्या होऊन हातात येतात. अल्कलाइन फुटला तर पांढरी भुकटी जमते. ती व्हिनेगरच्या बोळ्याने निघते, पण पट्टी पुन्हा पूर्वीसारखी टेकत नाही. महिनाभर लागणार नसेल तर सेल काढून बॅटरीशेजारी ठेवावेत. आता अंधारात तीन सेल सुलटे-उलटे कोण घालणार, हा प्रश्न आहेच. म्हणून दाराशी टांगलेल्या बॅटरीत मी चार्जचे सेल ठेवते आणि दर महिन्याला गॅसचं बुकिंग केलं की तिचं बटण दाबून बघते.

मेलेले सेल एका बरणीत साठवते आहे. सेल-बॅटऱ्यांच्या कचऱ्याचे नियम 2022 मध्ये आले, त्यांनुसार असे छोटे सेलसुद्धा परत गोळा करण्याची जबाबदारी बनवणाऱ्यांवर आहे. आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानदाराला मी बरणी दाखवली तर तो म्हणाला, "नवे देऊ का?" भंगारवाल्याने बंद पडलेल्या दोन बॅटऱ्या घेतल्या, अ‍ॅल्युमिनियमच्या भावाने, वजन करून. आतले पिंजरे आणि सेल काढून माझ्या हातात परत दिले. सोसायटीत वर्षातून एकदा ई-कचऱ्याची गाडी येते. यंदा ती आली तेव्हा मी साताऱ्याला होते. शेजारच्या वहिनींना सांगून ठेवलं आहे, पुढच्या वेळी माझीही बरणी खाली न्या म्हणून. त्यांच्याकडेही एक भरलेली निघाली.